पाणीसुद्धा गाऊन मागणारा माणूस

रिगरभाऊंचं गाणं पास झालं की नापास, हे आमच्या नळावर ठरायचं. सकाळी नळ सुटला की बायकांची झुंबड उडायची, आणि हे गृहस्थ कडुलिंबाची काडी चावत बाजूच्या दगडावर येऊन बसायचे. बायकांकडे चुकूनही पाहायचे नाहीत, नजर सगळी बादल्यांवर. मग काडी काढून नव्या गाण्याच्या दोन ओळी म्हणायचे. ऐकता ऐकता एखादीचं भान सुटलं आणि तिची बादली वाहू लागली, की गाणं पास. सगळ्याजणींनी आपापली बादली वेळेवर उचलली तर नापास, आणि ते गाणं त्यांनी पुन्हा कधी तोंडात घेतलेलं मी ऐकलं नाही.

"चांगलं तं होतं भाऊजी," मी एकदा म्हटलं, "कावून टाकून देता?"

"तुमाले बादली दिसून राहिली होती ना? मंग गानं कोठी होतं?"

त्यांच्यापायी मी किती पाणी गटारात सोडलं आणि आमच्या ह्यांची किती बोलणी खाल्ली, ते माझं मला ठाऊक.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. मी लग्न होऊन भंडाऱ्याकडून कॅम्प-१ या कामगारवस्तीत आले, तेव्हा भट्टीचा नुसता सांगाडा दिसायचा. आमचे हे खलाशी होते, म्हणजे अवजड लोखंड ओढण्या-बांधण्याच्या कामावर, आणि त्यांच्या टोळीचे मुख्य हे रिगरभाऊ. दहा-दहा टनांच्या लोखंडी तुळया क्रेनला बांधून वर चढवायच्या, हे त्यांचं काम. क्रेनवाला उंचावर, मशिनींचा गलका एवढा की हाक पोचणं शक्य नाही. म्हणून सगळा कारभार शिट्टी आणि हाताच्या खुणा यांवर चाले. बोट वर करून गोल फिरवलं, वर घे. तळवा खाली दाबला, हळूहळू सोड. मूठ आवळली, की थांब. माल डोक्यावर लटकतो आहे, मूठ उघडेपर्यंत कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. ही मूठ तिथे इतकी पाळली जायची की आमचे हे घरी जेवताना मी मूठ आवळली तरी घास हातात धरून थांबत. मी ते दोन-तीनदा करून पाहिलं आहे.

गाणीही ते तशीच बसवायचे. कोरसला त्यांच्याच टोळीतले आठ खलाशी. त्यांतल्या सहांना अक्षर येत नव्हतं आणि आठांनाही सूर येत नव्हता. पण खुणा येत होत्या! बोट फिरलं की आवाज चढवायचा, तळवा दाबला की उतरवायचा, मूठ आवळली की चूप. कुणी त्यांना शाहीर म्हटलं तर चिडायचे. "शायीर मोठे लोक असतेत. मी रिगर हाय. वजन उचलतो." शिट्टी गळ्यातून काढायची नाही, मग ती लग्नाची पंगत असो की आंघोळ. हार घालायला कुणी पुढे आलं तर, "मानेवर वजन कायले वाढवता?" आणि कुठलीही गोष्ट अडली असेल, घरची, दारची, युनियनची, तर उत्तर एकच: "लोड टांगून हाय."

फर्माईश केलेली त्यांना अजिबात खपत नसे. एका लग्नात मुलीच्या बापाने हट्ट धरला, मागच्या वर्षीचंच म्हणा. रिगरभाऊंनी शिट्टी फुंकली, मूठ आवळली, पेटी बंद झाली आणि सगळी पार्टी न जेवता चालू पडली. वाटेत मुर्रा, म्हणजे चुरमुरे, आणि फुटाणे खात नऊजण घरी आले. मला वाटलं, केवढा हा ताठा! पण दुसऱ्या दिवशी मुलगी सासरी निघण्याआधी ते एकटेच तिच्या दारात गेले आणि तिच्यासाठी रातोरात रचलेलं गाणं तिला एकटीला म्हणून दाखवलं. ते गाणं पुन्हा कुणीच ऐकलं नाही. ती मुलगी पुढे आमच्याच गल्लीत नांदायला आली, पण आम्ही कितीही मागे लागलो तरी सांगायची नाही. म्हणायची, माझं आहे.

दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी त्यांच्या गाण्यांचं सोळा पानी पुस्तक निघायचं. पातळ कागद, वर पिवळं कव्हर. तीन निघाली होती, आणि चौथ्याची वाट आम्ही ज्या तऱ्हेने पाहत होतो ती आज सांगितली तर माझी नातवंडं हसतील. पण वेडं व्हायला फक्त त्यांनाच येतं असं नाही! चरोद्याहून रेल्वेवाल्यांच्या बायका लोकलने येऊन मला विचारून जायच्या, "काही आयकलं का व?" मी शेजारीण, म्हणजे मला आतली बातमी असणार. नंदिनीच्या खाणीतला एकजण दर रविवारी सायकल मारत यायचा आणि त्यांच्या घरासमोरच्या टपरीवर तीन-तीन चहा पीत बसायचा, न जाणो आतून एखादी ओळ बाहेर पडली तर. कुणी म्हणे यंदा चाळीस गाणी आहेत, कुणी म्हणे एक गाणं खास बांधकामावर राबणाऱ्या रेजा बायकांवर आहे. आधीची तिन्ही पुस्तकं मी खाकी कागदाचं कव्हर घालून ट्रंकेत लग्नाच्या लुगड्याखाली ठेवली होती. अजून आहेत. चौथं निघालंच नाही, आणि त्याचं दुःख मला का नाही तेच सांगायला बसले आहे.

झालं असं की कारखान्यातल्या रशियन साहेबांच्या क्लबात एक पियानो आला. तो पहिल्या मजल्यावर चढवायला रिगरभाऊंच्या टोळीला बोलावलं. दोऱ्या लावून, शिट्टी वाजवून यांनी तो अलगद वर नेला. साहेबाची बायको खूश झाली, तिने सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून लिंबाचा काळा चहा दिला आणि ग्रामोफोनवर एक तबकडी लावली. एक बाई गात होती, गात होती, थांबायचं नावच नाही. रिगरभाऊंनी दुभाष्याला विचारलं, ही काय म्हणते? तो म्हणाला, हा ऑपेरा आहे, म्हणजे असं नाटक की ज्यात बोलणं नाहीच, सगळं गाऊनच. ही बाई तहानलेली आहे, पाणी मागते आहे. खरं-खोटं त्या दुभाष्यालाच माहीत.

ते घरी आले ते हसतच. नळावर आम्हाला सांगितलं, "आयका व बायाहो! पानी मागते तेबी गाऊन! अन पेला हातात येऊस्तोवर तबकडी सपली!" आम्ही पोट धरधरून हसलो. मी तर बादली पुढे करून आळवून आळवून पाणी मागून दाखवलं. हसता हसता माझं लक्ष गेलं, ते हसायचे थांबले होते आणि माझ्या बादलीकडे पाहत होते.

त्यानंतर दोन महिने ते दगडावर आलेच नाहीत. जयंती जवळ आली तसा माझा धीर सुटला. कामावरून परतताना त्यांना गाठलं. "भाऊजी, पुस्तक कवा?"

"औंदा पुस्तक नाई."

"नाई म्हंजे?"

"अख्खं गानं करून राहिलो. एकच. दोन घंट्याचं. बोलनं नाई त्यात, सारं गाऊन."

ही बातमी कॅम्पभर झाली आणि कुणी गेल्यासारखी अवकळा आली. नंदिनीचा सायकलवाला आला, ऐकलं, चहा न पिताच परत गेला. चरोद्याच्या बायका मलाच बोलल्या, की तू नळावर ती नक्कल केलीस म्हणून त्यांच्या डोक्यात हे शिरलं. जयंतीच्या कमिटीवाल्यांनी तर त्यांना बोलावून स्पष्ट सांगितलं: लोक मधेच उठून गेले तर पुढल्या सालापासून स्टेज नागपूरच्या पार्टीला. त्यावर रिगरभाऊ म्हणाले, "पुढल्या सालाचं कायले? एकबी मानूस उठला तं मी गानंच सोडतो." हे ते रागाने म्हणाले असते तर गोष्ट वेगळी. आमचे हे तिथे होते. ते सांगायचे, शांतपणे म्हणाले. आणि शब्द फिरवणाऱ्यांतला तो माणूस नव्हता. मला रात्रभर झोप आली नाही. हा माणूस गायचा थांबला तर नळावर, कामावर, जयंतीला आमच्यापाशी आपलं म्हणून काय उरणार होतं?

मी सरळ त्यांच्या घरी जाऊन भांडले. "लोकाइले संगं म्हनाले गानं पायजे भाऊजी. टाळी पिटाले पायजे. दोन घंटे कोन बसन?"

"मालूम हाय."

"मंग हा हट्ट कावून?"

त्यांनी आत पाहिलं. आत त्यांची म्हातारी माय निजली होती. मग आवाज उतरवून बोलू लागले.

"माही माय गावात इहिरीवर जाये. इहीर आपली नाई, दोर आपला नाई. घागर ठेवाची अन दूर उन्हात बसाचं. कोनी याव, त्याच्या मनात याव, त्यानं वरून पानी टाकाव. सकाळी गेली तं दुपारी वापस ये. मी लहान, तिच्या संगं बसो. दहा साल झाले, त्याचं गानं कराले पाहातो. चार कडव्यात बसवतो, बसतेबी. मंग माही मलेच लाज वाटते. जिले अर्धा दिवस लागे, थे मी पाच मिन्टात सपवू? अन लोकं टाळी पिटून चहा प्याले जाईन? थ्या बाईनं पानी मागाले पुरी तबकडी घेतली, अन सारे साहेब गुपचाप आयकत बसले. माह्या मायचं कोनी आयकलं नाई."

मी भांडायला गेले होते, आणि परतले ती त्या खेळातल्या बाईचं काम पत्करून. कारण त्यांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं, "बाईचं काम बाईच करन. नळावर पानी मांगलं होतं ना? तसंच मांगाचं. फक्त हासाचं नाई."

तालमी चरोद्याला एका रेल्वेवाल्याच्या क्वार्टरात होत, मायच्या कानावर पडू नये म्हणून. मायला गावाचं नाव चालत नसे. दीक्षा घेतली, गाव सोडलं, भिलाईत आलो, इथे नळाला कुणी जात विचारत नाही, मग ते जुनं उकरायचं कशाला, असं तिचं म्हणणं. तिने मुलाचा एकही कार्यक्रम पाहिला नव्हता. रिगरभाऊंना मात्र तिने हा एक पाहावा असं फार वाटत होतं. पण सांगायची छाती होत नव्हती. क्रेनखाली उभा राहणारा माणूस, पण आईपुढे ततपप! मी विचारलं की म्हणायचे, "लोड टांगून हाय."

तो लोड खाली पाडला मी. जयंतीच्या चार दिवस आधी म्हातारीचे पाय चेपता चेपता माझ्या तोंडून निघून गेलं, की आजी, तुमचंच काम मी करते आहे, विहिरीवरचं. तिने पाय ओढून घेतले. मी घरी येऊन स्वतःच्या तोंडात मारून घेतली आणि रिगरभाऊंना काहीच सांगितलं नाही.

खेळ त्यांनी भरदुपारी ठेवला. पाणी मागायचं ते उन्हातच, हा हट्ट. एवढ्यावर थांबले असते तर ते रिगरभाऊ कसले? मंडपाच्या मागे पिण्याच्या पाण्याचे रांजण होते, त्यांच्यावर त्यांनी सतरंज्या टाकल्या आणि दोन खलाशी पहाऱ्यावर बसवले. खेळ संपेपर्यंत पाणी नाही! कमिटीवाले हात जोडत होते, एप्रिलचं ऊन आहे, लेकरं आहेत. लेकरांना पाणी द्या, रिगरभाऊ म्हणाले, मोठ्यांना नाही. मोठ्यांना थोडं कळू द्या.

मंडप गच्च भरला होता. चरोदा आलं होतं, नंदिनी आलं होतं. तो सायकलवालासुद्धा आला होता, तोंड पाडून. पडदा सरला आणि मी काखेत घागर घेऊन पुढे आले तर पहिल्याच रांगेत, काठी टेकून, म्हातारी बसलेली! रिगरभाऊ स्टेजच्या कडेला, कोरसकडे तोंड करून उभे होते, म्हणून त्यांना ती दिसली नाही.

मी बसले. पाणी मागू लागले. पहिला अर्धा तास लोक चक्रावून बसले होते. मग चुळबूळ सुरू झाली. पंखे हलू लागले, लेकरं कुरकुरू लागली, मागून कुणीतरी ओरडलं, "अरे पिला दो भाई उसको!" आणि हशा पिकला. मी रडत गायचं, असं त्यांनी बसवलं होतं. मला खरंच रडू येत होतं. तासाभराने मागच्या रांगेतले सात-आठजण उठायच्या बेताला आले. सायकलवाला अर्धा उभा राहिलेला मी डोळ्यांनी पाहिला. रिगरभाऊंनीही मागे वळून तो पाहिला. त्यांनी लेकाच्या तोंडचं कडवं धरलं, 'मी तिच्या सावलीत बसलेला', आवाज चढवला, आणि भावनेच्या भरात हात उंच नेऊन मूठ आवळली.

मूठ आवळल्याबरोबर आठही खलाशी गप्प झाले. ढोलकी थांबली. माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आणि मंडप? मंडपातली निम्मी माणसं कामावरची. वर मूठ दिसली की हलायचं नाही, हे त्यांच्या हाडात गेलेलं. पंखे जागच्या जागी थांबले. सायकलवाला अर्धा उठलेला तसाच वाकून राहिला. आपण काय करून बसलो हे रिगरभाऊंच्या ध्यानातच आलं नाही. त्यांचे डोळे पहिल्या रांगेतल्या मायवर गेले होते, आणि मूठ वरच होती. एवढ्या मोठ्या मंडपात कापड फडफडल्याचा आवाज तेवढा येत होता.

त्या शांततेत म्हातारी उठली. काठी माझ्याकडे रोखली.

"हे रडून कायले राहिली?"

मग तिने काठी मुलाकडे वळवली.

"मी इहिरीवर कधी रडली नाई," ती मुलाला म्हणाली. "रडली असती तं त्याइले मजा आली असती."

"मंग काय करे, माय?" रिगरभाऊंचा आवाज लहान झाला होता.

"गानं म्हनो. तू तं माह्या मांडीवर झोपून जात होता, तुले काय मालूम?"

असं म्हणून तिने तिथेच, उभ्या उभ्या, चिरक्या आवाजात म्हटलं. ना पेटी, ना ढोलकी.

"दोर हाय तुह्या हाती, घागर माह्या काखेत,
दोघींच्या मधात बाई, पानी बसलं हासत."

तिने ते दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना ती स्वतःही थोडी हसली. मी घागर खाली ठेवली. त्या बाईचं काम करायची माझी लायकी नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मंडपातून एक माणूस उठून गेला नाही. सायकलवाला होता तिथेच खाली बसला होता. ज्यांनी आपलं गाणं कधी कुणाला विचारून केलं नाही, ते रिगरभाऊ स्टेजवरून उतरले आणि आईच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले. दोन तासांच्या अख्ख्या गाण्यातलं एक तासाचं अजून बाकी होतं. ते त्यांनी सोडून दिलं होतं, त्यांच्या तोंडावरच दिसत होतं.

"फुडं, माय?" त्यांनी विचारलं. "फुडं काय म्हने तू?"

"फुडं नाई," म्हातारी म्हणाली. "इतलंच फिरून फिरून म्हनो, तवर कोनीतरी पानी टाके. मंग मी घागर उचलो अन घरी जावो."